पोस्टरच्या नावात शेवटची तारीख

दिवाळीतल्या बेदाण्याच्या भावाचं पोस्टर फोनवर दाखवत गिऱ्हाईक संक्रांतीला सांगलीतल्या आमच्या दुकानात आलं. त्याच भावात माल द्यावा लागला. तेव्हापासून असं करतो:

१. पोस्टर सेव्ह करताना नावात आधी त्या भावाची शेवटची तारीख, मग कुठं टाकलंय ते: '२०२५-११-१० बेदाणा इन्स्टा कॅटलॉग'. वर्ष सुरुवातीला ठेवलं की फायली आपोआप तारखेने लागतात.

२. दर सोमवारी तारीख उलटलेली पोस्टरं त्या-त्या जागेवरून काढायची. व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांत जातं. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमधला (मालाच्या यादीतला) भाव आपण बदलेपर्यंत तसाच राहतो, आणि नेमका तोच विसरतो.

३. भाव न लिहिलेला मूळ फोटो जपायचा, पुढच्या हंगामाला तोच चालतो.

फॉरवर्ड होत गेलेलं चित्र परत घेता येत नाही. म्हणून शेवटची तारीख चित्रावरही भावाइतक्याच मोठ्या अक्षरात घाला.