ग्रिपवरून शिकत गेलेले काम

आयटीआयमधून फिटरचा ट्रेड केलेला असल्यामुळे, कोलोरॅडोतल्या एका स्की रिसॉर्टमध्ये लिफ्ट (दोराला टांगलेल्या खुर्च्यांतून माणसांना डोंगरावर नेणारी) मेकॅनिकचा मदतनीस म्हणून रुजू होताना बेअरिंग, गिअरबॉक्स आणि ग्रीस गन यांपलीकडे नवे काही नसेल, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पहिले वर्ष जवळजवळ सगळे एकाच वस्तूभोवती गेले, ती म्हणजे खुर्चीच्या माथ्यावरची, दोराला पकडून ठेवणारी ग्रिप.

जुन्या फिक्स्ड ग्रिप लिफ्टमध्ये खुर्ची दोराला कायमची आवळलेली असते आणि माणसांना चढता-उतरता यावे म्हणून अख्खा दोरच सावकाश चालवावा लागतो. डिटॅचेबल लिफ्टमध्ये मात्र सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने येणारी खुर्ची टर्मिनलमध्ये (चढण्या-उतरण्याच्या स्थानकात) शिरताच तिच्या ग्रिपचा लिव्हर एका रुळाखाली दाबला जातो, स्प्रिंग आवळते, जबडा उघडतो आणि दोरापासून सुटलेली खुर्ची रबरी टायरांच्या रांगेखालून मंदावत सेकंदाला सुमारे १ मीटरवर येते. बाहेर पडताना अशाच टायरांनी तिला पुन्हा दोराच्या वेगाला आणले की जबडा मिटतो. चार जणांच्या खुर्च्यांची अशी लिफ्ट १९८१ साली याच राज्यात, ब्रेकेनरिजला सुरू झाली. टर्मिनलमध्ये ग्रिपचा जोर दर फेरीला मोजला जातो आणि तो कमी भरला तर लिफ्ट आपोआप थांबते.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात, एका कडाक्याच्या सकाळी, हाच दोष दाखवून लिफ्ट वारंवार थांबू लागली. मी पहिली खुर्ची बाजूला काढून तिची ग्रिप बदलण्यात तासभर घालवला, तेवढ्यात दुसऱ्या खुर्चीने तोच दोष दाखवला, मग तिसरीने. आमच्या वरिष्ठांनी लिफ्ट बंद केली, मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप घातले, मोजणीच्या रुळाखालून बोटभर जाडीचा बर्फ खरवडून काढला आणि एक शब्दही न बोलता माझ्या तळहातावर ठेवला. दोष त्याच क्रमांकाच्या खुर्चीवर, वरच्या आणि खालच्या दोन्ही टर्मिनलांत येत असेल तर ग्रिप पाहावी. खुर्च्या वेगवेगळ्या आणि जागा एकच असेल तर आधी टर्मिनल पाहावे. हे मला त्या दिवशी कळले, आणि तेव्हापासून खुर्चीचा क्रमांक, टर्मिनल व वेळ लिहून घेतल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही.

दोर पेलणाऱ्या टॉवरवर चढण्याचे नवख्यांना फार आकर्षण असते (फोटोही तिथेच निघतात), परंतु खरे शिक्षण उन्हाळ्यात कार्यशाळेत होते. ग्रिप खोलताना दाबलेली स्प्रिंग नेमून दिलेल्या साच्यात धरल्याशिवाय सैल करू नये. ती हात मोडू शकते. सुटे भाग धुऊन झाले की तपासनीस त्यांचे चुंबकन करून चमकणाऱ्या लोहकणांचे द्रावण सोडतात आणि अंधारात अतिनील दिव्याखाली पाहतात. तडा असेल तिथे केसाएवढी हिरवी रेघ उजळते. धुण्याचे काम नवख्याकडे असते आणि ते कंटाळवाणे आहे हे मान्यच; पण कोपऱ्यात राहिलेले ग्रीसही तसेच चमकते, आणि माझ्या हातचे सात भाग याच कारणासाठी पुन्हा धुवायला परत आले होते.

म्हणून शक्य असल्यास नोकरी हिवाळ्यात न धरता हंगाम संपल्यावर, मे महिन्याच्या सुमारास धरावी. तेव्हा लिफ्टखाली रांग नसते, वरिष्ठांना समजावून सांगायला सवड असते आणि ग्रिप टेबलावर उघडी पडलेली असते.