पॅलेटचं फर्निचर करताना या चुका टाळा

टेबल डुगडुगायला लागलं, फळ्यांमध्ये फटी पडल्या की दोष स्क्रूला नाहीतर गोंदाला दिला जातो. खरा बिघाड बहुतेकदा आधीच झालेला असतो, पॅलेट, म्हणजे माल रचून उचलायची फळ्या-ठोकळ्यांची लाकडी चौकट, निवडताना आणि सुटं करताना.

शिक्का न बघता पॅलेट उचलणं

परदेशी मालासोबत आलेल्या पॅलेटच्या ठोकळ्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यातली 'एचटी' ही अक्षरं सांगतात की लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलंय. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते घरात नकोच. पण शिक्का फक्त किडीबद्दल बोलतो. त्या पॅलेटवर पुढे काय सांडलं, हे त्याला ठाऊक नसतं. तेलकट डाग किंवा उग्र वास असेल तर सरळ सोडून द्या, रंधा मारूनही आत मुरलेलं निघत नाही. आणि संपूर्ण निळी किंवा लाल रंगवलेली पॅलेट्स बहुधा भाड्याने फिरणारी, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची असतात.

पहार घालून फळ्या उचकटणं

इथे सगळ्यात जास्त लाकूड वाया जातं. पॅलेटचे खिळे पीळदार किंवा खाचांचे असतात, ते सहज सुटू नयेत म्हणूनच. टोकाला पहार अडकवून जोर लावला की खिळा जागचा हलत नाही, फळी मात्र खिळ्याच्या भोकापासून चिरते. त्याऐवजी रेसिप्रोकेटिंग सॉला (पातं पुढेमागे चालणारी विजेची करवत) धातू कापायचं लांब पातं लावा, फळी आणि ठोकळा यांच्या फटीत घाला आणि खिळेच कापा. खिळ्याची डोकी फळीत राहतात. दिसायला वाईट नाहीत. मशीन नसेल तर टोकांच्या ठोकळ्यांना लागून फळी करवतीने कापा. दोन्हीकडची दहा-बारा सेंटीमीटर लांबी जाते, पण मग फक्त मधले खिळे सोडवायचे उरतात.

रंधा किंवा प्लेनर (विजेवरचा रंधा) लावण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा. आत तुटून राहिलेला एक खिळा पात्याला खाच पाडायला पुरतो.

ओलं लाकूड लगेच जोडणं

उघड्यावर पडलेल्या पॅलेटमध्ये २० टक्के किंवा त्याहून जास्त ओल सहज असते. घरात ती १०-१२ टक्क्यांवर येते आणि १०० मिमी रुंदीची फळी १ ते ३ मिमी आकसते. दहा फळ्या चिकटवून केलेल्या टेबलावर याचा हिशोब करून बघा. फळ्यांमध्ये २ सेंमीच्या पट्ट्या ठेवून, सावलीत, वारा लागेल अशी चळत रचा आणि काही आठवडे वाळू द्या. ओल मोजायचा मीटर नसला तरी अडत नाही. एका फळीवर खूण करा आणि दर दोन-तीन दिवसांनी ती वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

स्क्रूने फळी तडकणं

४ मिमीच्या स्क्रूसाठी खालच्या लाकडात २.५ ते ३ मिमीचं भोक पाडा. वरच्या फळीतलं भोक मात्र पूर्ण ४ मिमीचं हवं. तिथेही आटे रुतले तर दोन्ही लाकडं एकमेकांकडे ओढली जात नाहीत, मध्ये बारीक फट राहते आणि कितीही पिळलं तरी मिटत नाही. फळीच्या टोकापासून निदान ३ सेंमी आत या. २० मिमी फळीला ५० मिमीचा स्क्रू बरोबर बसतो.

डुगडुग

दोन वेगळी कारणं, दोन वेगळे उपाय. पृष्ठभाग उंचसखल असेल तर फळ्यांची जाडी वेगवेगळी आहे. १७ आणि २२ मिमीच्या फळ्या एकाच पॅलेटमध्ये निघू शकतात, म्हणून आधी जाडीनुसार वेगळ्या काढा. टेबल आडवं हलत असेल तर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर स्क्रू सैल करून चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणा, मग कोपऱ्यांत तिरपे आधार मारा.

सोफ्याची उंची

युरो पॅलेट १२०० × ८०० मिमी, उंची १४४ मिमी. दोन एकावर एक ठेवली की सुमारे २९ सेंमी. वर १२ ते १५ सेंमीची गादी घातली की बैठक ४१-४४ सेंमीवर येते, तेवढी पुरे. चाकं लावायची तर गादी पातळ घ्या आणि चाकांचे स्क्रू ठोकळ्यांत जाऊ द्या, पातळ फळीत नाही. ८० सेंमी खोलीवर मात्र पाठ टेकत नाही, मागे २० सेंमी जाडीची उशी लागतेच.

घासणं आणि तेल

६० नंबरच्या पॉलिश पेपरवरून थेट १८० वर उडी मारली तर ओरखडे तेल लावल्यावर ठळक दिसतात. मध्ये १२० घ्या. तोंडाला मास्क हवाच. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर उघड्यावर एकेक पसरून वाळवा.