लॅपटॉपवर वायफाय रडतंय? आधी बँड बघा
नेट स्लो झालं की लगेच कंपनीला फोन लावू नका, त्याच जागी, त्याच वायफायवर मोबाइल जोडून स्पीड टेस्ट करा, तिथे नीट येत असेल तर घोळ लॅपटॉपकडेच आहे. आमच्या कोथरूडच्या बिल्डिंगमध्ये लिस्ट उघडली की वीसेक वायफाय दिसतात आणि बहुतेक सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर (बँड म्हणजे वायफाय चालतं तो रेडिओ लहरींचा पट्टा), तिथे एकमेकांत न घुसणारे चॅनल, म्हणजे लेनच म्हणा, तीनच, १, ६ आणि ११, म्हणजे संध्याकाळी सातचा ट्रॅफिकने तुंबलेला कर्वे रोडच की! लॅपटॉप राउटरच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर टाकला आणि सुटलो. फक्त हे ५ वालं भिंतीपलीकडे लवकर दम टाकतं, पेठेतल्या वाड्याच्या जाड भिंती असतील तर राउटरच जवळ आणा. आणि हो, चार्जर काढल्यावरच स्लो होतं का? मग वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद करून बघा.