पक्ष्याच्या फोटोसाठी आधी पऱ्हाटी रोवा

मोबाइल घेऊन जवळ गेलं की बुलबुल भुर्र! त्याच्यामागे फिरू नका, त्यालाच खिडकीसमोर येऊ द्या.

१. खिडकीपासून पाच-सहा फुटांवर मातीचं पसरट, जड भांडं ठेवा. पाणी दोन बोटं. हलकं भांडं सातभाई पक्ष्यांची टोळी आली की कलंडलंच समजा.

२. शेजारी वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या झाडाची काडी, रोवा. बुलबुल, दयाळ बहुतेकदा आधी काडीवर बसतात, मान वळवून अंदाज घेतात, मगच पाण्यावर उतरतात. फोटो काडीवरचाच काढा. फोकस आधीच तिथे लावून ठेवा.

३. खिडकीला आतून बारदाना, त्याला कॅमेऱ्यापुरतं भोक. खोलीतला दिवा बंद.

सूर्य समोर नको, पक्षी नुसता काळा दिसतो.

घरात मांजर असेल तर भांडं झुडपापासून लांब, मोकळ्यावरच ठेवा.