पिसवा केवळ मांजराच्या अंगावर नसतात
घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही पिसवा होतात. बारीक दातांच्या फणीने त्याला विंचरावे आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा समजावी. मात्र अंगावरच्या पिसवा मारून भागत नाही, कारण अंडी, अळ्या आणि कोष गालिच्यात, फटींत व अंथरुणात दडलेले असतात आणि कोषातली पिसू कित्येक महिने तग धरते. म्हणून घरातल्या सर्व मांजरा-कुत्र्यांना पशुवैद्यांनी दिलेले औषध किमान ३ महिने चालू ठेवावे, अंथरुणे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावीत आणि फटींवरून व्हॅक्यूम क्लीनर नेटाने फिरवावा. कुत्र्यांसाठीचे, परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध मात्र मांजराला कृपया कधीही लावू नये. ते त्याच्या जिवावर बेतू शकते.