मामंजींची युरियाची पुडी कशी द्यायची

मामंजींच्या डोक्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला असेल. निपाणीच्या घरी खाटेवर बसून ते सारखं एकच विचारायला लागले, "संकेश्वरची एसटी गेली काय गं?" रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, १२१. पाहिजे १३५ ते १४५. शेजारच्या काकू म्हणाल्या, मीठ वाढव. पण कमतरता मिठाची नव्हती, अंगात पाणी जास्त झालं होतं. ते पाणी मेंदूच्या पेशींत शिरून त्या फुगतात, आणि कवटी काही पसरत नाही.

बरळणं, उलट्या, झटके, गुंगी यातलं काहीही दिसलं तर घरी प्रयोग करू नका, गाडी काढा. आमचेही पहिले दोन दिवस दवाखान्यात ३ टक्के मिठाच्या सलाईनवरच गेले. अंगातलं जास्तीचं पाणी काढायला युरिया त्यानंतर, डॉक्टरांनी लिहून दिला म्हणून.

"अगं, माळ्यावर पोतं आहे की!" हे ह्यांचं पहिलं वाक्य. उसाला टाकायचा तो युरिया पोटात अजिबात नाही. त्याला कडुनिंबाचा लेप असतो, शिवाय खत बनवताना तयार होणारं बाय्युरेटसारखं अशुद्ध द्रव्य. औषधाचा शुद्ध युरिया वेगळा, मेडिकलवाल्याने बेळगावहून मागवून दिला. १५ ग्रॅमची पुडी, आम्हाला दिवसातून दोन. तुमचं माप वजन आणि रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. किडनी किंवा लिव्हर आधीच कमजोर असेल तर ते आधी सांगा.

पुडी जेवणानंतरच द्या, उपाशीपोटी मळमळतं. अर्धा पेला कोकम सरबत घेऊन त्यात ढवळायची. ढवळताना पेला हातातच गार पडतो. पहिल्यांदा मी दचकले, पण युरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो, एवढंच. चव कडूजार. साध्या पाण्यातून दिली तेव्हा मामंजींनी सरळ परसात थुंकली. "आयुष्यभर उसाला टाकला, आता मलाच खत घालताय काय?"

सरबतही दिवसाच्या पाण्यात मोजायचं. आम्हाला लिटरभराची मर्यादा होती, म्हणून सकाळीच एक बाटली भरून ठेवायची. चहा, ताक, आमटी घेतली की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं.

युरिया किडनीतून बाहेर पडताना पाणी सोबत ओढून नेतो, म्हणून लघवी वाढते. रात्री दोनदा उठवायची तयारी ठेवा, आणि शेवटची पुडी संध्याकाळी लवकर द्या. रिपोर्टमध्ये ब्लड युरिया ठळक अक्षरात वाढलेला दिसेल. मी त्या दिवशी रडले होते. पण आपणच पाजतोय तर वाढणारच; किडनी ठीक आहे का हे डॉक्टर क्रिएटिनिनच्या आकड्यावरून बघतात.

सोडियम भरभर चढलं की आनंद होतो, तिथंच घात आहे. २४ तासांत ८ ते १० अंकांहून जास्त वाढलं तर मेंदूच्या नसांवरचं आवरण बिघडू शकतं. म्हणून सुरुवातीला रोज तपासणी, आणि एक पुडी चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम द्यायच्या नाहीत.

मेंदूच्या सुजेवर १९५०च्या दशकात हाच युरिया शिरेतून देत. पुढे मॅनिटॉल हे दुसरं औषध आलं आणि युरिया मागं पडला. शिरेतून द्यायचं काम दवाखान्याचं, आपलं नाही.

उरलेल्या पुड्या मी स्टीलच्या डब्यात, साखरेपासून लांब ठेवते. एकदा सासूबाईंनी चहात टाकलीच होती.