डेटा सेंटर अनेक, डोमेन किती? ॲक्टिव्ह डिरेक्टरी आखताना या चुका टाळा

दुसरं डेटा सेंटर घ्यायचं ठरलं की फळ्यावर दोन चौकोन निघतात आणि बहुतेक वेळा प्रत्येक चौकोनात ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं (विंडोज नेटवर्कमधली खाती, मशीन आणि परवानग्या सांभाळणारी यंत्रणा) एक स्वतंत्र डोमेन, म्हणजे एकत्र कारभार असलेला खात्यांचा आणि मशीनचा गट, लिहिलं जातं. तिसरं सेंटर आलं की तिसरं डोमेन. ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण ती आखणीच्या पहिल्या तासात होते आणि पुढे कित्येक वर्षं निस्तरावी लागते.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नेटवर्कचा नकाशा सांगायला साइट असते, म्हणजे एका ठिकाणच्या, चांगल्या लिंकने जोडलेल्या मशीनचा गट. डोमेनचा भूगोलाशी संबंध नाही; कोणती माहिती कुठवर पोचेल आणि कारभार कोण पाहील, एवढंच ते ठरवतं. वेगळ्या डोमेनसाठी सहसा सुरक्षेचं कारण पुढे केलं जातं, पण सुरक्षेची खरी हद्द फॉरेस्ट, म्हणजे अशा डोमेनचा अख्खा समूह, आहे. एका डोमेनच्या ॲडमिनचं खातं चोरीला गेलं तर तिथून अख्खं फॉरेस्ट ताब्यात घेता येतं. त्या टोकाच्या ॲडमिनवर विश्वास टाकता येत नसेल, तर फॉरेस्टच वेगळं हवं. पासवर्डचे वेगळे नियम हवेत म्हणाल, तर विंडोज सर्व्हर २००८ पासून ते एकाच डोमेनमध्ये गटागटाला लावता येतात. राहिला रेप्लिकेशनचा, म्हणजे डिरेक्टरीतले बदल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पोचवण्याचा भार. दोन डेटा सेंटरमधल्या चांगल्या लिंकवर तो सहसा जाणवतही नाही. उलट प्रत्येक जादा डोमेनमागे किमान दोन डोमेन कंट्रोलर (डिरेक्टरीची प्रत ठेवणारे, लॉगिन तपासणारे सर्व्हर), वेगळा बॅकअप आणि वेगळी ॲडमिन खाती आली. म्हणून एक फॉरेस्ट, एक डोमेन, हव्या तितक्या साइट, इथून सुरुवात करा. दुसरं डोमेन मागणाऱ्याने कारण लेखी द्यावं.

नाव घाईत ठरवणं

डोमेनला शहराचं किंवा इमारतीचं नाव देऊ नका. सेंटर हलतं, नाव तिथेच राहतं. शेवटी ‘डॉट लोकल’ लावण्याची जुनी सवयही सोडा. २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेट मानकानुसार ते नाव मल्टिकास्ट डीएनएससाठी (जवळच्या नेटवर्कवर सर्व्हरशिवाय नावावरून पत्ता शोधण्याची पद्धत) राखलेलं आहे. कंपनीच्या वेबसाइटचंच नाव आत वापरलं, तर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ न लावता वेबसाइट उघडू पाहणारा आतला माणूस डोमेन कंट्रोलरवर जाऊन आदळतो. स्वतः नोंदवलेल्या नावाखाली एक उपडोमेन काढून ते फक्त डिरेक्टरीसाठी ठेवा.

सबनेट न नोंदवणं

साइट तयार केल्या, पण सबनेट (आयपी पत्त्यांचे पट्टे) त्यांना जोडलेच नाहीत, हे फार ठिकाणी दिसतं. लक्षण ठरलेलं: दुसऱ्या सेंटरमधल्या सर्व्हरवर लॉगिनला उगाच वेळ लागतो, ग्रुप पॉलिसी (डोमेनमधून मशीनवर लागू होणाऱ्या सेटिंग) रेंगाळते आणि नेटवर्कची टीम लिंक ठीक असल्याचं सांगते. अशा वेळी डोमेन कंट्रोलरवर विंडोजच्या डीबग फोल्डरमधली ‘नेटलॉगॉन डॉट लॉग’ ही फाइल उघडा. तिथे ‘नो क्लायंट साइट’ असा शेरा, पुढे मशीनचं नाव आणि आयपी पत्ता अशा ओळी दिसल्या, तर रोग सापडला. त्या मशीनला आपली साइट माहीत नाही, म्हणून डोमेनमधला कुठलाही कंट्रोलर तिच्या वाट्याला येतो, अगदी लिंकपलीकडचासुद्धा. कंट्रोलरच्या इव्हेंट लॉगमधला इव्हेंट ५८०७ हीच तक्रार करतो.

यावर चांगला तोडगा म्हणजे प्रत्येक सेंटरला सलग आयपी पट्टा द्या आणि तो आख्खा /१६ (६५,५३६ पत्ते) त्या साइटला जोडून टाका. उद्या कुणी न सांगता त्यातूनच नवा /२४ (२५६ पत्ते) काढला तरी तो योग्य साइटमध्ये पडतो. एखादा /२४ दुसरीकडे हवा असेल तर तो वेगळा नोंदवा. जास्त नेमका सबनेट जिंकतो. ग्रुप पॉलिसीतली ‘ट्राय नेक्स्ट क्लोजेस्ट साइट’ ही सेटिंगही चालू करा. नाहीतर जवळचे कंट्रोलर बंद पडल्यावर मशीन जवळ-लांब न बघता कुणाचंही दार ठोठावते.

साइट लिंकचा (दोन साइटमधल्या जोडणीचा) मूळ रेप्लिकेशन कालावधी १८० मिनिटं असतो. म्हणजे नोकरी सोडलेल्याचं खातं इथे बंद केलं तरी तिकडे ते तीन तासांपर्यंत चालू राहू शकतं. तो १५ मिनिटांवर आणा. लिंक भरवशाची असेल तर चेंज नोटिफिकेशन (बदल झाला की लगेच कळवणं) चालू करा.

रेप्लिकेशनलाच बॅकअप समजणं

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हे डेटा नष्ट करणारं मालवेअर पसरलं तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर एकमेकांची प्रत ठेवत होते आणि एक सोडून सगळे पुसले गेले. वाचला तो घानातला, तिथली वीज गेली होती म्हणून. प्रती कितीही असोत, ऑफलाइन बॅकअप आणि फॉरेस्ट परत उभं करण्याची तालीम यांना पर्याय नाही.

दुसरा धोका गुंत्याचा. कंट्रोलर व्हर्च्युअल मशीनवर, आणि हायपरव्हायझरचं (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) लॉगिन मात्र डोमेनवर. दोन्ही सेंटर अंधारात गेली तर आधी कोण उठणार? हायपरव्हायझर, स्टोरेज आणि फायरवॉलवर एकेक स्थानिक खातं असायलाच हवं.

बिघाड शोधताना

आधी डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा), मग वेळ, मग पोर्ट. कंट्रोलरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पहिला डीएनएस दुसऱ्या कंट्रोलरचा आणि स्वतःचा पत्ता त्यानंतर ठेवा. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बरोस (लॉगिन तपासण्याची पद्धत) नकार देतं. लॉगिन होतं पण रेप्लिकेशन १७२२ एरर देतं, तेव्हा बहुधा फायरवॉलवर ८८ (कर्बरोस) आणि ३८९ (डिरेक्टरी वाचण्याचा) हे पोर्ट उघडलेले असतात, पण आरपीसीचे (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ते) ४९१५२ ते ६५५३५ राहून गेलेले असतात. ‘रेपअ‍ॅडमिन’ या रेप्लिकेशन तपासणाऱ्या कमांडचा सारांश रोज बघा, तुटलेलं रेप्लिकेशन कित्येकदा महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि एखादा कंट्रोलर टूमस्टोनच्या (पुसलेल्या नोंदीची डिरेक्टरीत ठेवलेली खूण) मुदतीहून, म्हणजे साधारण १८० दिवसांहून जास्त तुटलेला राहिला, तर त्याला पुन्हा जोडायच्या फंदात पडू नका. पुसलेली खाती तो परत घेऊन येऊ शकतो. त्याची नोंद डिरेक्टरीतून साफ करा आणि नवा कंट्रोलर उभा करा.